लिव्हर सिऱ्होसिस, पोटातलं पाणी आणि बुरशीचा संसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिऱ्होसिस बराच पुढे गेलेला. पोटात पाणी भरलेलं. ताप किंवा गुंगी म्हणून दाखल केलं, अँटिबायोटिक सुरू झालं, आणि चार-पाच दिवसांनी डॉक्टर म्हणाले, “पाण्यात फंगस वाढलंय.” हे वाक्य ऐकून बाहेर आलेले नातेवाईक जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सिऱ्होसिसच्या रुग्णांपुरतीच आहेत. पोटाचं डायलिसिस घेणाऱ्यांचं किंवा अपेंडिक्स फुटलेल्यांचं गणित वेगळं असतं. डोस लिहिले आहेत ते फाइलमधल्या नोंदी कळाव्यात म्हणून. त्यावरून औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नका.

पोटातल्या पाण्यात जंतू जातातच कसे? पोट तर बंद असतं.

सिऱ्होसिसमध्ये लिव्हर घट्ट आणि गाठाळ होतं. आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून सहज पुढे जात नाही, पोर्टल शिरेतला दाब वाढतो, अल्ब्युमिन कमी पडतं, मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि पोटाच्या पोकळीत पाणी साचतं. यालाच जलोदर म्हणतात.

हे पाणी पातळ असतं. जंतूंशी लढणारी प्रथिनं त्यात फारच कमी असतात, कित्येकदा एकूण प्रथिनं १.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्याही खाली. दुसरीकडे आतड्याची भिंत सुजलेली आणि सैल झालेली. आतड्यातले जीवाणू तिच्यातून लसिका ग्रंथींमध्ये, तिथून रक्तात आणि शेवटी या पाण्यात पोहोचतात. एरवी वाटेत त्यांना गाळून घेणारं लिव्हरच आजारी असल्यामुळे गाळणी नावापुरती उरते. पाण्याला असा आपोआप संसर्ग झाला की फाइलमध्ये ‘एसबीपी’ (स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आवरणाचा जीवाणूंमुळे आपोआप झालेला दाह) लिहिलेलं दिसतं. तो बहुतेक वेळा ई. कोलाय किंवा क्लेबसिएला अशा जीवाणूंचा असतो.

बुरशीही याच वाटेने येते, पण तिला ही वाट अवघड जाते. यात बहुधा सापडणाऱ्या कँडिडा या बुरशीची पेशी साधारण ४ ते ६ मायक्रॉनची, म्हणजे जीवाणूच्या कितीतरी पट मोठी. ती भिंत ओलांडून गेली, याचा अर्थ भिंत फारच खराब झाली आहे. म्हणून बुरशीचा संसर्ग सहसा आजाराच्या अगदी पुढच्या टप्प्यात दिसतो, आणि जीवाणूंच्या तुलनेत तो बराच दुर्मिळ असतो.

घरात ओल आहे, भिंतीला बुरशी येते. त्यामुळे झालं का?

नाही. कँडिडा बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातलीच असते. निरोगी माणसांपैकीही बऱ्याच जणांच्या तोंडात आणि आतड्यात ती थोड्या प्रमाणात राहत असते आणि काही त्रास देत नाही. सलाईनच्या नळीतून किंवा हॉस्पिटलमधल्या हातांवरूनही ती कधीकधी येते. भिंतीची ओल जरूर काढा, पण या आजाराचं खापर तिच्यावर फोडू नका.

हा ब्लॅक फंगसचाच प्रकार का?

नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर ज्याने धुमाकूळ घातला तो म्युकरमायकोसिस. ती धाग्यासारखी वाढणारी वेगळी बुरशी आहे आणि तिचा मारा मुख्यतः नाक, सायनस आणि डोळ्यांवर होता. पोटातल्या पाण्यात सापडते ती बहुधा कँडिडा, म्हणजे यीस्ट. दोन्हींत एक नाव सामाईक आहे, अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाचं. त्या वर्षी त्याच्या इंजेक्शनसाठी झालेली धावाधाव आठवत असल्यामुळे ते नाव ऐकलं की लोक घाबरतात.

धोका कोणाला जास्त?

सगळ्यात मोठा धोका म्हणजे आधी घेतलेली अँटिबायोटिक्स. आतड्यातले जीवाणू मारले गेले की त्यांची रिकामी जागा कँडिडा व्यापते. त्यामुळे नुकताच एसबीपीचा उपचार झालेले, लागोपाठ दोन-तीन ‘मोठी’ अँटिबायोटिक्स घेतलेले रुग्ण यात पुढे असतात.

बाकीच्या गोष्टी बहुतेक वेळा एकत्रच येतात: आयसीयूतला लांबलेला मुक्काम, मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), डायलिसिस, शिरेतून दिलं जाणारं पोषण, रक्ताच्या उलटीनंतर झालेली एन्डोस्कोपी, वाढलेलं क्रिएटिनिन (म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं), मधुमेह, आणि चाइल्ड-प्यू ‘सी’ वर्ग किंवा वर चढलेला मेल्ड स्कोअर. हे दोन्ही लिव्हर किती बिघडलंय ते मोजायचे आकडे आहेत.

दारूमुळे लिव्हरला तीव्र सूज आलेल्या रुग्णांबद्दल जरा जास्त सांगायला हवं. त्यांना कधीकधी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड देतात, सहसा रोज ४० मिलिग्रॅम. सातव्या दिवशी लिली स्कोअर काढून ते उपयोगी पडतंय का हे बघायचं असतं. स्कोअर ०.४५ किंवा त्याहून जास्त आला, तर औषध लागू पडत नाही असं समजून ते थांबवतात. हा हिशोब न करता महिनाभर स्टेरॉइड चालू ठेवणं म्हणजे फायदा शून्य आणि बुरशीला मोकळं रान. इथे कँडिडाबरोबर फुप्फुसातल्या अस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचीही भीती असते. सातव्या दिवशी “स्कोअर किती आला?” हे नातेवाइकांनी जरूर विचारावं. विचारलं म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

लक्षणं काय असतात?

ठळक अशी नसतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. ताप येईलच असं नाही. सिऱ्होसिसच्या रुग्णाचं अंग संसर्गातही थंड असू शकतं. पोट दुखलं तरी हलकंसं, कारण मधल्या पाण्यामुळे पोटाचे पडदे एकमेकांवर घासत नाहीत. मग दिसतं ते असं: बोलण्यात गोंधळ, दिवसा झोप आणि रात्री जाग, पुढे धरलेले हात फडफडणं, लघवी कमी होणं, बीपी उतरणं, कावीळ वाढणं. “कालपासून बाबा वेगळंच बोलतायत” ही तक्रार तापाइतक्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

एकट्या लक्षणांवरून जीवाणू की बुरशी हे कोणालाही ओळखता येत नाही.

पाण्याचा रिपोर्ट कसा वाचायचा?

पोटाच्या बाजूने सुई घालून थोडं पाणी काढतात. पोटात पाणी असलेला सिऱ्होसिसचा रुग्ण तातडीने दाखल झाला की ही तपासणी पहिल्या १२ तासांत व्हावी. ती लांबते तसा जिवाचा धोका वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. ‘सोमवारी सोनोग्राफीवाले आले की काढू’ हे उत्तर शनिवारी रात्री पुरेसं नाही.

रिपोर्टमध्ये आधी पेशींची संख्या बघा. त्यातही न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ज्यांना काही लॅब ‘पॉलिमॉर्फ’ लिहितात. त्या एका घनमिलिमीटरमध्ये २५० किंवा जास्त असतील तर संसर्ग धरून उपचार सुरू होतात, कल्चरची वाट बघत नाहीत. लॅबने एकूण पेशी आणि टक्केवारी वेगवेगळी दिली असेल तर गुणाकार करा: एकूण ८०० पेशी आणि ७० टक्के पॉलिमॉर्फ म्हणजे ५६०.

दुसरा भाग कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याचा. इथे एक साधी गोष्ट फार फरक करते. पाणी नुसत्या निर्जंतुक डबीत भरून लॅबला पाठवलं तर निम्म्याहून जास्त वेळा काहीच वाढत नाही. तेच पाणी खाटेजवळच रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांत, प्रत्येकी सुमारे १० मिलिलिटर घातलं, तर जंतू सापडण्याचं प्रमाण बरंच वाढतं. कँडिडा या बाटल्यांतही वाढते, मात्र तिला दोन ते पाच दिवस लागू शकतात. म्हणून ‘४८ तासांत वाढ नाही’ हा अंतरिम रिपोर्ट बुरशी नसल्याचा दाखला मानू नये. फंगसची शंका असेल तर मागणीपत्रावर तसं वेगळं लिहिलेलं बरं.

पाण्याबरोबरच रक्ताचंही कल्चर जायला हवं. रक्तातल्या कँडिडाचा माग कल्चरला साधारण निम्म्याच रुग्णांत लागतो, तरी ते पाठवायचंच.

न्यूट्रोफिल २५० च्या वर, कल्चरमध्ये बुरशी, आणि पोटात शस्त्रक्रिया लागेल असं दुसरं कारण नाही: या तिन्ही गोष्टी जुळल्या की आपोआप झालेला बुरशीचा पेरिटोनायटिस म्हणतात. सोबत जीवाणूही वाढलेले असू शकतात, आणि तसं बऱ्याचदा असतं.

अँटिबायोटिक चालू आहे, मग पुन्हा सुई कशाला?

या पानावर एवढं एकच उत्तर वाचलंत तरी चालेल.

उपचार सुरू केल्यानंतर ४८ तासांनी पाणी पुन्हा तपासायचं. न्यूट्रोफिलची संख्या पहिल्यापेक्षा किमान २५ टक्क्यांनी उतरलेली हवी. उतरली नसेल तर तीन शक्यता असतात. जीवाणू त्या औषधाला दाद देत नाही, आतडं कुठेतरी फुटलं आहे, किंवा ही बुरशी आहे. प्रत्यक्षात पहिल्या शक्यतेवरच सगळा भर दिला जातो. सेफ्ट्रिअॅक्सोन बदलून पिपरासिलिन, तेही बदलून मेरोपेनेम, वर टायकोप्लॅनिन, असे आठ-दहा दिवस जातात. दर बदलाबरोबर आतड्यातल्या कँडिडासाठी आणखी जागा मोकळी होते, आणि बुरशीचं नाव निघतं तेव्हा क्रिएटिनिन वर गेलेलं असतं, रुग्ण व्हेंटिलेटरच्या उंबरठ्यावर असतो. या आजारात माणसं दगावतात त्याला आजाराइतकाच हा उशीर कारणीभूत आहे, असं माझं मत आहे.

दुसऱ्यांदा सुई घालायला घरचे नको म्हणतात, कारण रुग्ण थकलेला असतो. ते समजण्यासारखं आहे. पण दुसऱ्या सुईचा त्रास काही मिनिटांचा असतो. डॉक्टरांना सरळ विचारा: “पहिल्या पाण्यात पेशी किती होत्या, आता किती आहेत, आणि फंगल कल्चर पाठवलंय का?”

आधी दोनदा पाणी काढलं होतं, त्या सुईनेच हे झालं नाही ना?

शक्यता फार कमी. नीट स्वच्छता राखून काढलेल्या पाण्यामुळे संसर्ग होणं विरळ आहे. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप) वाढलेला किंवा प्लेटलेट कमी असल्या तरी धोकादायक रक्तस्राव क्वचितच होतो, त्यामुळे केवळ त्या कारणासाठी तपासणी टाळत नाहीत. पोटात कायमची नळी ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. ती जितके दिवस राहील तितका जंतूंना रस्ता मिळतो, म्हणून सिऱ्होसिसमध्ये अशी नळी शक्यतो टाळतात.

पेशी कमी आहेत, पण कल्चरमध्ये कँडिडा आली. उपचार करायचा का?

याला फंगिअॅसायटिस म्हणतात. जीवाणूंच्या बाबतीत असं झालं आणि रुग्णाला काहीच त्रास नसेल, तर पुन्हा पाणी तपासून थांबता येतं. बुरशीच्या बाबतीत तज्ज्ञांचा कल उपचाराकडे असतो, विशेषतः रुग्ण आजारी दिसत असेल तर, कारण अशा रुग्णांची अवस्थाही पुढे झपाट्याने ढासळलेली पाहण्यात येते. सुईच्या वेळी त्वचेवरची कँडिडा मिसळली असेल अशी शंका आली तर लगेच दुसरा नमुना घेतात.

लघवीत किंवा थुंकीत कँडिडा आली, तीही हीच का?

बहुधा नाही. कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीत आणि आयसीयूतल्या रुग्णाच्या थुंकीत कँडिडा अनेकदा नुसतीच राहत असते. काही दिवस पोटात असलेल्या ड्रेनमधून घेतलेला नमुनाही विश्वासाचा नाही, कारण बुरशी नळीवरच वाढते. ताज्या सुईने काढलेल्या पाण्यातली किंवा रक्तातली वाढच महत्त्वाची. मात्र शरीरात तीन-चार ठिकाणी कँडिडा सापडत असेल तर डॉक्टर सावध होतात.

आतडं फुटल्याचं कसं कळतं?

पाण्यात एकाहून जास्त प्रकारचे जंतू असतील, प्रथिनं १ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर, ग्लुकोज ५० मिलिग्रॅमच्या खाली आणि एलडीएच हे एन्झाइम रक्तातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा जास्त असेल, तर शंका घेऊन ताबडतोब सीटी स्कॅन करतात. जठर किंवा आतड्याला भोक पडलं की कँडिडा सहज बाहेर येते, म्हणून पाण्यात कँडिडा दिसली की हा प्रश्न मनात यायलाच हवा. कारण तसं असेल तर नुसतं औषध पुरत नाही, सर्जनला बोलवावं लागतं.

आम्हाला टीबीची औषधं सुरू केली होती. ते चुकलं का?

आपल्याकडे पोटाचा टीबी इतका आढळतो की तो मनात येणं स्वाभाविक आहे. टीबीत पाण्यात लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए हे एन्झाइम वाढलेलं असतं, आणि आजार आठवड्या-महिन्यांच्या चालीने जातो. कँडिडात बहुधा न्यूट्रोफिल जास्त असतात आणि रुग्ण दिवसांत बिघडतो. गडबड होते ती खाली सांगितलेल्या क्रिप्टोकॉकस या बुरशीमध्ये, कारण तिथेही लिम्फोसाइट जास्त असू शकतात. टीबीच्या चारपैकी तीन मुख्य औषधं, म्हणजे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, लिव्हरवर ताण आणतात. त्यामुळे ‘करून बघू’ म्हणून ती सुरू करण्याआधी पुरावा गोळा करायचा सगळा प्रयत्न व्हावा.

बीटा-डी-ग्लुकान नावाची रक्ताची महागडी तपासणी सांगितली आहे. करावी का?

बुरशीच्या पेशीभिंतीतला एक घटक ती शोधते. निगेटिव्ह आली तर उपयोग जास्त: कँडिडाची शक्यता कमी होते. पॉझिटिव्हवर डोळे झाकून विसंबू नये, कारण अल्ब्युमिन किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलेलं असताना, काही प्रकारच्या डायलिसिसनंतर आणि खुद्द सिऱ्होसिसमध्येही ती खोटी वाढलेली दिसू शकते. क्रिप्टोकॉकस आणि म्युकर तिच्यात सहसा सापडत नाहीत. पैशांची ओढाताण असेल तर मी आधी दुसऱ्यांदा पाणी तपासायला सांगेन.

औषधं कोणती, आणि किती दिवस?

गंभीर रुग्णात सुरुवात बहुधा इकायनोकँडिन गटापासून करतात: कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन किंवा अॅनिड्युलाफंगिन. तिन्ही शिरेतूनच द्यावी लागतात. कॅस्पोफंगिन पहिल्या दिवशी ७० आणि मग रोज ५० मिलिग्रॅम असतं. लिव्हरचा बिघाड मध्यम असेल तर माहितीपत्रक रोजचा डोस ३५ वर आणायला सांगतं. अॅनिड्युलाफंगिनचं विघटन लिव्हरवर अवलंबून नसतं, त्यामुळे त्याचा डोस, म्हणजे पहिल्या दिवशी २०० आणि मग १०० मिलिग्रॅम, बदलावा लागत नाही. या गटाची एक दुखरी बाजू अशी की पोटातल्या पाण्यात ही औषधं कमी प्रमाणात उतरतात. म्हणून नुसतं ‘सुरू केलंय’ यावर समाधान मानता येत नाही. पाणी साफ होतंय का ते बघत राहावं लागतं.

फ्लुकोनाझोल स्वस्त आहे, पोटातल्या पाण्यात चांगलं उतरतं आणि तोंडानेही चालतं. पण ते सगळ्या कँडिडांवर चालत नाही. कँडिडा क्रुसेई त्याला मुळातच दाद देत नाही आणि ग्लॅब्राटा बऱ्याचदा देत नाही. भारतातल्या हॉस्पिटलांत पाश्चात्त्य देशांपेक्षा कँडिडा ट्रॉपिकॅलिस जास्त दिसते. म्हणून कल्चरच्या कागदावर नुसतं ‘कँडिडा’ लिहून भागत नाही, जात आणि औषधांची संवेदनशीलता दोन्ही हवीत. ती अनुकूल आली आणि रुग्ण सावरला की इकायनोकँडिनवरून फ्लुकोनाझोलवर आणतात. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर जातं, त्यामुळे क्रिएटिनिनप्रमाणे डोस बदलतो.

अँफोटेरिसिनची धाव मोठी आहे, पण साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला जड जातं, आणि या रुग्णांची मूत्रपिंडं आधीच काठावर असतात. लागलंच तर लिपोसोमल प्रकार वापरतात. तो महाग असतो.

उपचार साधारण दोन आठवडे तरी चालतो. रक्तात कँडिडा सापडली असेल तर दिवस मोजायचे ते कल्चर पहिल्यांदा निगेटिव्ह आल्यापासून. शिवाय अशा वेळी सेंट्रल लाइन शक्य असेल तर काढतात किंवा बदलतात, आणि डोळ्यांचा पडदा तपासून घेतात, कारण कँडिडा तिथेही जाऊन बसते.

अल्ब्युमिनच्या बाटल्या कशासाठी?

एसबीपीत पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे १.५ ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम अल्ब्युमिन दिल्याने मूत्रपिंडं वाचतात आणि मृत्यू कमी होतात, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या अभ्यासाने दाखवलं. तो अभ्यास जीवाणूंच्या संसर्गाचा होता. बुरशीतही मूत्रपिंडांचं संकट तेच, म्हणून डॉक्टर त्याच धर्तीवर अल्ब्युमिन देतात. एका वेळी पाच लिटरहून जास्त पाणी काढलं तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम, हा वेगळा हिशोब.

‘कँडिडा ऑरिस’ आहे म्हणून रुग्णाला वेगळं ठेवलंय. घरच्यांना लागेल का?

निरोगी माणसाला तिचा धोका नगण्य आहे. ही जात पहिल्यांदा २००९ मध्ये जपानमध्ये वर्णन झाली. फ्लुकोनाझोलला ती बहुतेक वेळा जुमानत नाही, आणि खाटेचे कठडे, बीपीचा पट्टा, मॉनिटर यांवर बरेच दिवस टिकते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची जी अग्रक्रम यादी काढली, तिच्यातल्या सर्वांत गंभीर गटात ही आहे. भेटायला जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं पांघरूण नीट करायला जाऊ नका. साधी नेहमीची कँडिडा तर डबा पोचवल्याने, जवळ बसल्याने, हात धरल्याने पसरत नाही.

कबुतरांचा काही संबंध आहे का?

कँडिडाशी नाही, क्रिप्टोकॉकसशी आहे. ही बुरशी कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढते, श्वासातून फुप्फुसात जाते, आणि प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. सिऱ्होसिस हे अशा दुबळेपणाचं एक महत्त्वाचं कारण आहे, आणि या रुग्णांत ती पोटातल्या पाण्यातही सापडते. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये जो वाद पेटला त्यात श्रद्धा, राजकारण, दम्याचे रुग्ण सगळे होते; लिव्हरच्या रुग्णांची आठवण कोणाला झाली नाही. घरात सिऱ्होसिसचा रुग्ण असेल तर बाल्कनीत कबुतरांना दाणे घालणं बंद करा. विष्ठा साफ करायची तर आधी ओली करा, मास्क लावा, आणि रुग्णाला त्या कामापासून लांब ठेवा.

निदानासाठी क्रिप्टोकॉकल अँटिजेन ही झटपट तपासणी रक्तावर होते. इकायनोकँडिन या बुरशीवर अजिबात चालत नाहीत. अँफोटेरिसिन आणि जोडीला फ्लुसायटोसिन किंवा फ्लुकोनाझोल लागतं, आणि पाठीतलं पाणीही तपासावं लागतं.

हे होऊच नये म्हणून फ्लुकोनाझोल रोज घ्यावं का? आणि नॉरफ्लॉक्सासिन बंद करू का?

दोन्हींचं उत्तर नाही. सिऱ्होसिसच्या सगळ्या रुग्णांना प्रतिबंधक फंगसविरोधी औषध देत नाहीत. त्याने दाद न देणाऱ्या जातींचंच फावतं. ट्रान्सप्लांटनंतर निवडक रुग्णांना देतात. नॉरफ्लॉक्सासिन ज्यांना एकदा एसबीपी होऊन गेला आहे त्यांना दुसरा झटका टाळण्यासाठी दिलेलं असतं. बुरशीच्या भीतीने ते स्वतःहून थांबवलं तर जीवाणू आधी गाठतील.

खरंच थांबवता येण्यासारखी गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षं चालू असलेली पॅन्टोप्राझोल ही अॅसिडिटीची गोळी. जठरातलं आम्ल कमी झालं की आतड्यात जंतू वाढतात. बँडिंगनंतर (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना एन्डोस्कोपीने रबर बांधल्यावर) काही दिवस ती लागते. त्यापुढे गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

दही-ताक, इडली, ब्रेड बंद करायचे का? प्रोबायोटिकच्या पुड्या?

इडलीच्या पिठाने पोटाच्या पाण्यात बुरशी जात नाही. घरचं ताजं दही चालतं. पथ्य आहे ते मिठाचं: दिवसाला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, सगळं धरून. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली मासळी यांतच ते संपतं. डाळ, अंडी, पनीर, ताजे मासे मात्र तोडू नका. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि झोपण्याआधी काहीतरी खाल्लेलं चांगलं. ‘लिव्हरला जड’ म्हणून नुसती पेज पाजून झिजवलेले रुग्ण संसर्गाला लवकर बळी पडतात.

पुड्यांच्या बाबतीत पाकीट उलटून वाचा. सॅकरोमायसिस बोलार्डी लिहिलं असेल तर ती जिवंत यीस्ट आहे. सेंट्रल लाइन असलेल्या किंवा आयसीयूतल्या रुग्णांच्या रक्तात ती उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णाला ती देऊ नये. जुलाबासाठी ही पुडी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अंगावर नायटा आहे. तोच पोटात गेला का?

नाही, नायट्याची बुरशी कातडी, केस आणि नखं सोडून आत जात नाही. पण त्याच्या गोळ्यांकडे लक्ष द्या. टर्बिनाफिन लिव्हरच्या आजारात देत नाहीत, इट्राकोनाझोल फार जपून, आणि केटोकोनाझोलच्या गोळ्या तर नकोच. दुकानातून परस्पर आणू नका, लावायचं मलम विचारून घ्या. ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ काढेही नकोत. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यावर वाद झाला, पण ज्याच्या लिव्हरमध्ये राखीव ताकदच नाही त्याने त्या वादात प्रयोगाची वस्तू होऊ नये.

लिव्हर ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव आहे. ते जाईल का?

संसर्ग चालू असेपर्यंत शस्त्रक्रिया होत नाही, कारण ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबावी लागते आणि उरलेली बुरशी भडकते. संसर्ग आटोक्यात आला, कल्चर साफ आली, की पुन्हा विचार होतो. महाराष्ट्रात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप झेडटीसीसीमार्फत (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत) होतं. तुमच्या ट्रान्सप्लांट समन्वयकाला संसर्गाची माहिती त्याच दिवशी द्या, लपवून काही साधत नाही. घरातला दाता तयार असेल तर त्याच्या तपासण्या या काळात पूर्ण करून ठेवता येतात.

खरं सांगा, आशा किती?

अनेक रुग्णमालिकांमध्ये महिन्याभरातला मृत्युदर निम्म्याच्या वर आहे. ज्यांचं निदान लवकर झालं, मूत्रपिंडं शाबूत आहेत आणि ट्रान्सप्लांटची वाट खुली आहे, त्यांची शक्यता बरी. मेल्ड फार वर, डायलिसिस चालू, उतरलेलं बीपी टिकवायला दोन औषधं आणि ट्रान्सप्लांट शक्य नाही, असं असेल तर योग्य औषध असूनही हातात फार थोडं उरतं.

अशा वेळी डॉक्टरांबरोबर एकदा बसून बोलून घ्या. व्हेंटिलेटर आणि डायलिसिस कुठवर, हे घरातल्या मोठ्यांनी आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याच्यासकट ठरवावं. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारे उपचार प्रतिजैविकांबरोबरही चालू शकतात. त्याला ‘हात टेकले’ म्हणत नाहीत. जमीन गहाण टाकण्याआधी “या खर्चाने नक्की काय बदलणार आहे?” असं विचारण्यात कोणताही कृतघ्नपणा नाही.

घरी सोडलं आहे, फ्लुकोनाझोलच्या गोळ्या दिल्या आहेत. काय बघायचं?

बाकीच्या औषधांची पूर्ण यादी दाखवा. फ्लुकोनाझोलमुळे टॅक्रोलिमस (ट्रान्सप्लांटनंतरचं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), वॉरफॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम वाढतो. उलटीसाठीच्या ऑन्डान्सेट्रॉनसारख्या औषधांबरोबर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी काढतात. लिव्हरच्या आणि क्रिएटिनिनच्या तपासण्या ठरलेल्या तारखेला करा. बरं वाटलं म्हणून कोर्स मध्येच सोडू नका.

रोज सकाळी एकाच वेळी वजन घ्या आणि लघवी कमी होते का बघा. गोंधळ, ताप, काळी शौच, पोटदुखी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. जाताना मागच्या कल्चरचा कागद बरोबर घ्या आणि कँडिडाची जात त्यावर लिहिलेली आहे ना, ते पाहा. नव्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्डावरच्या नुसत्या ‘फंगल इन्फेक्शन’ या दोन शब्दांवरून औषध निवडता येत नाही.